दोघंही मधोमध

रफूवालीला नवरा पलंगाच्या उबेवरून ओळखू यायचा.

तो सकाळी बेकरीतून यायचा तेव्हा ती वेणी घालत असायची. तो बूट काढून तिच्या उबेत शिरायचा. संध्याकाळी ती दुकानातून यायची तेव्हा तो कोटात हात घालत असायचा. मग त्याची ऊब तिच्या वाट्याला. उशीला पिठाचा वास. त्या वासात तोंड खुपसलं की तिला वाटायचं, आपण दोघं एकाच झोपेत राहतो. एक बाहेर पडला की दुसरा आत. सुट्ट्यासुद्धा वेगळ्या वारी. दारात काय ती गाठ पडायची. ‘आलीस?’ ‘निघालात?’ पाच वर्षांचा संसार उंबऱ्यावर उभ्या उभ्या चाललेला.

दुकानात ती फाटलेल्या कपड्याचा एकेक धागा असा विणून घ्यायची की इथे कधी भोक होतं, हे कपड्यालाही आठवू नये. दिसला तो रफूच नव्हे, असा त्या धंद्याचा नियम. आणि नेमकं अशा बाईला सरकारने बोलावलं : दोघांनी मुलाखतीला या, लग्न खरं आहे याचे पुरावे आणा. तिचे राहायचे कागद पक्के होते, त्याचे तिच्या पदराला बांधलेले. मुलाखत फसली तर त्याला समुद्रापलीकडे परत जावं लागणार होतं. त्या आठवड्यात पलंग तिला उगाच मोठा वाटायला लागला.

पेटी उपसली. भाड्याचे कागद निघाले, लग्नातला एक फोटो निघाला. फोटोत नवरा एका पाहुण्याच्या डोक्याआड. नुसता कान दिसत होता.

“कानाशी लग्न लागलं म्हणावं का?” नवऱ्याची थोरली बहीण म्हणाली. ती गल्लीच्या टोकाला राहायची आणि कुणाच्याही घरात आपलंच समजून शिरायची. “पुरावा नाही म्हणून रडायचं नसतं गं, पुरावा करायचा असतो. लोक खोटी लग्नं खपवतात, तुमचं तर खरं आहे!”

“खरं आहे म्हणून तर भीती वाटते, वन्सं.”

“तू गप. कपाट उघड.”

दोघांनी एकाच दिवशी रजा टाकली. वन्संनी त्यांना पुलावर उभं केलं, बागेत बसवलं, बसथांब्यावर उभं केलं, आपल्या स्वयंपाकघरात आणलं. दर वेळी कपडे बदलायचे. “अरे, हस जरा, कर्ज काढलंय का? आणि तू गं, तू थोडी रुसल्यासारखी. हे तिसरं वर्ष आहे.”

रफूवालीला त्या दिवशी काही सुचतच नव्हतं. भर उन्हात इतका वेळ नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या भुवईत एक पांढरा केस होता. हा कधी आला? आपण झोपलो होतो तेव्हा, की तो झोपला होता तेव्हा? ती त्या केसाकडेच बघत राहिली. पाण्यावर ऊन हलत होतं, वन्सं लांबून ओरडत होत्या, आणि खोट्या फोटोंच्या त्या दिवशी तिला आपलं लग्न नुकतंच लागल्यासारखं वाटत होतं.

मुलाखतीच्या साहेबीणबाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या. त्यांनी आधी दोघांना वेगवेगळं विचारलं, मग समोर बसवलं.

“पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपता, असं विचारलं तर तुम्ही म्हणालात मधोमध. हेही म्हणाले मधोमध. मग काय, एकमेकांवर रचून ठेवतात का तुम्हाला?”

नवऱ्याचे कान लाल झाले. बाईंनी टेबलावर पत्त्यांसारखे फोटो मांडले. “हे पहिलं वर्ष. हे तिसरं. हे पाचवं. आणि यांच्या अंगठ्याला पट्टी. सगळ्यांत तीच, तोच पिवळा डाग.”

रफूवालीने वाकून पाहिलं. भट्टीच्या पत्र्याने भाजलेला अंगठा. सुतासुतावरून फिरणारी तिची नजर, आणि एवढी बोटभर पट्टी निसटली! भुवईतल्या केसाने घात केला.

“अंगठा ना,” नवरा म्हणाला, “जरा हट्टी आहे…”

“अहो, पुरे.” तिने मान वर केली. “बाई, हे सगळे माझ्या नणंदेने एका दिवसात काढलेत. लग्न खरं आहे, फोटो खोटे.”

“मग खरं काय आहे तुमच्याकडे?”

खोलीतला पंखा फिरत होता. तिला वाटलं, आपण अजून उठलोच नाही. आत्ता दार वाजेल आणि तो आत येईल. तिचा हात आपोआप त्याच्या कॉलरकडे गेला.

“कोट काढा.”

“इथं?”

“काढा म्हणते ना.”

तिने अस्तराची शिवण दाताने तोडली आणि कोट उलटा करून टेबलावर पसरला. बाहेरून बिनडागाचा कोट आतून नुसता गाठींनी आणि धाग्यांच्या टोकांनी भरलेला होता. “वरून दिसू नये हीच आमची विद्या. आतून लपत नाही. हे कोपर, पिठाच्या टेबलाने झिजलेलं. हा खिसा, मला तापात दवाखान्यात नेताना बसच्या दारात अडकला तो.”

“आणि हे?” बाईंनी एका गोल रफूवर बोट ठेवलं.

“भट्टीची ठिणगी,” नवरा म्हणाला.

“विडी,” ती म्हणाली.

“ठिणगी होती गं!”

“ठिणगी कशीही पळते. हे बटणासारखं गोल. विडी सोडली म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेतलीत, त्याच महिन्यातलं.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“कधी बोलू? दारात? रफू करून टाकला.”

“एकच ओढली होती.”

“दुसरं भोक इथे आहे. दाखवू?”

समोर कुणी बसलंय हे दोघं विसरले होते. बाई खोकल्या. चष्मा काढून त्यांनी तो उगाचच पुसला. “फोटोंबद्दल मी लिहिणार आहे,” त्या म्हणाल्या. “कोटाबद्दलही.” बराच वेळ लिहून झाल्यावर त्यांनी शिक्का उचलला. “राहू शकतात हे. आणि ते फोटो नणंदबाईंना परत द्या.”

त्या दिवशीही दोघांना रजा होती. दुपारी घरी आले तेव्हा पलंग थंड होता, दोघांनाही अनोळखी.

“तू कुठल्या बाजूला?” त्याने विचारलं.

“मला काय विचारता? मी मधोमध.”

“मीही.”

मग दोघंही मधोमध आडवे झाले. पलंग कुरकुरला, त्याचं कोपर तिच्या बरगडीत आलं. पिठाचा वास आज उशीला नव्हता, शेजारी होता. आता आत यायला कुणी बाहेर जायचं नव्हतं. तिचे डोळे मिटत आले.

“अहो, विडी.”

“सोडली.”

“कोट बघीन,” ती झोपेतच म्हणाली.