पहिला घास

ताईच्या बाळाचं उष्टावण परवा झालं. मामा म्हणून खिरीचं पहिलं बोट मीच त्याला चाटवलं. तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. उष्टं म्हणजे आधी कुणीतरी चाखलेलं. मग पहिलाच घास उष्टा कसा?

आज दुपारी ताई त्याला मांडीवर घेऊन भरवत होती. तूप घालून अगदी गुरगुट्या केलेला मऊ भात. "हा आईचा घास," ती म्हणाली, की बाळ तिच्याकडे बघून आ करायचं. "हा मामाचा," म्हटलं की माझ्याकडे वळायचं. आमच्या आप्पांना शेवटच्या आजारात आम्ही असाच भात भरवायचो, याच चांदीच्या वाटीतून. तेही असाच आ करायचे. माणूस या भातावरून आत येतो आणि याच भातावरून बाहेर जातो. मधली काही वर्षं दात असतात, एवढंच.

"हा आजोबांचा घास," ताई बोलण्याच्या ओघात म्हणून गेली.

आप्पा गेले तेव्हा हे बाळ पोटातही नव्हतं. पण ते वळलं. खिडकीपाशी आप्पांची आरामखुर्ची अजून तशीच आहे, रिकामी. तिच्याकडे बघून त्याने आ केला. मग ओठ मिटले, गाल हलले आणि त्याने सावकाश गिळलं.

ताईच्या हातातला चमचा भरलेलाच होता.

"आता पुढचा कुणाचा म्हणू रे?" तिने मला हळूच विचारलं.

मी काही बोलायच्या आत बाळाने खुर्चीकडे बघत पुन्हा आ केला.