जड डब्यातलं सिमेंट

सायगॉनच्या न्यात ताओ या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या-नव्या भागांच्या बाजारात माल आधी तळहातावर तोलायचा आणि मग भाव विचारायचा. ही सवय सगळ्यांना लावली ती एका बाईने. घरातली सहावी म्हणून अख्खा बाजार तिला सहावी मावशी म्हणायचा. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून तीस वर्षं ती मोडके कॉम्प्युटर उठवून उभे करत आली होती.

"पॉवर सप्लाय घेताना डोळे मिटायचे," कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या त्या डब्याबद्दल ती सांगायची. "लेबल कुणीही छापतं. तांबं मात्र वजनाने हाताला कळतं."

दिएपही तिच्याकडूनच शिकलेली. अंध मुलांच्या शाळेतले बारा कॉम्प्युटर ती सांभाळायची. ते पुस्तकं मोठ्याने वाचायचे आणि मुलं हेडफोन लावून ऐकायची. पण वर्षभर एकच रड. वाचता वाचता यंत्र गप्प. वाक्य अर्धं, कधी शब्दसुद्धा अर्धा. दिएपने सगळं खापर विंडोजवर फोडलं, मुख्याध्यापक खांग सरांना पटवलं आणि बाराही यंत्रांवर त्याच्या जागी लिनक्स चढवलं. तरी यंत्रं बंद पडायची ती पडतच राहिली.

"सोमवारी टेम्पो बोलावलाय," सर म्हणाले. "सगळं भंगारात जाईल. तुमच्या शब्दावर मी एकदा विसंबलो, दिएपबाई. आता पुरे."

शनिवारी सकाळी स्कूटरवर पायांमध्ये एक कॉम्प्युटर धरून दिएप बाजारात आली. मावशी भात खात होती.

"काय गं, मढं आणलंस?"

"मढंच, मावशी. आधी विंडोजने मारलं, मग लिनक्सने."

"दोन नवरे बदललेस आणि दोघंही वाईट निघाले? मग एकदा घर तपासून बघ की."

मावशीने हात पुसले. एका डिस्कवरून तिने विंडोज चालवलं. थोड्या वेळात पडदा निळा होऊन ते कोसळलं. दुसऱ्या डिस्कवरून लिनक्स चालवलं, तर ते जागच्या जागी थिजलं. मग तिने तिसरी डिस्क काढली.

"हिच्यात दोघांपैकी कुणी नाही. ही नुसती मेमरी तपासत बसते."

अकराव्या मिनिटाला पडदा काळा पडला.

"आता शिव्या कुणाला घालशील?" मावशी म्हणाली. "आत तर कुणी नव्हतंच."

दिएप बघत राहिली. निळा, थिजलेला, काळा. तिघांनी आपापल्या तऱ्हेने एकच दुखणं सांगितलं होतं, आणि ती वर्षभर सांगणाऱ्यालाच दोष देत बसली होती.

मावशीने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पेटीला टेकवलं आणि लाकडी मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं. बाजूला रिक्षावाले भांडत होते, कुणीतरी स्पीकर तपासत होतं, आणि त्या कोलाहलात ही बाई एका पंख्याचा श्वास ऐकत होती.

"दम लागतोय त्याला. वीज पुरत नाहीये. पॉवर सप्लाय कुठला?"

"इथलाच. बाराही नवे मी स्वतः घेतले, गेल्या वर्षी. डोळे मिटून, उचलून."

"जड होते?"

"चांगले जड."

मावशीने तो डबा सोडवून हातावर घेतला. "आहे खरा जड," ती हळू आवाजात म्हणाली आणि तिने चार स्क्रू काढले.

आत पोराच्या खेळण्यात असावं तेवढंसं सर्किट होतं. बारीक तार, वीज साठवणारे नळकांड्यांसारखे चार कपॅसिटर, माथे फुगून निकामी झालेले. आणि डब्याच्या भिंतीला चिकटवलेला, काळा रंग फासलेला सिमेंटचा ठोकळा.

शेजारच्या गाळ्यातला तिसरा काका मान वाकवून बघत होता. "मावशी, तुझी शिकवणी चोरांनीसुद्धा लावलेली दिसते."

"लावली. आणि माझ्या पोरींपेक्षा नीट लक्ष दिलं." मावशी हसली नाही. बराच वेळ ती त्या ठोकळ्यावरून बोट फिरवत राहिली. "चूक तुझी नाही, दिएप. उघडून बघा, एवढं सांगायचं मी तीस वर्षं विसरले."

तिने टेबलाखालून धुळीने माखलेला एक जुना पॉवर सप्लाय ओढून काढला आणि आधी उघडून दाखवला. अंगठ्याएवढे कपॅसिटर, घट्ट गुंडाळलेली जाड तार. तो जोडला. मेमरीची तपासणी एकदा पूर्ण झाली, दुसऱ्यांदा झाली. लिनक्स चाललं. विंडोजही चाललं, ज्याला दिएपने वर्षभर नावं ठेवली होती. लाखो ओळींचा तो सगळा पसारा या चार नळकांड्यांवर उभा होता.

"असे सात आहेत माझ्याकडे," मावशी म्हणाली. "तिसऱ्या, पाच तू काढ. उघडून दे. जड आहे, हलका आहे, काही सांगू नकोस."

"तुझ्यापुढे कोण सांगतंय," म्हणत काका उठला.

रविवारी अडुसष्ट वर्षांची मावशी शाळेत गुडघ्यांवर बसून एकेक पेटी उघडत होती. बारावी जोडून होईतो दिवस मावळला.

सोमवारी टेम्पो फाटकात उभा होता. खांग सर वर्गाच्या दारात. पहिला अर्धा तास गेला, दुसरा गेला. बारा मुलं, बारा यंत्रं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी एकही मूल उठलं नाही. एरवी यंत्र गप्प झालं की ती उठायची. आज एकही यंत्र गप्प झालं नव्हतं.

सर फाटकाकडे वळले. "टेम्पो परत न्या," ते म्हणाले. "आवाज न करता."