खुणेच्या जवभर पुढे

फ्रिज घरघरतोय असं मित्सुएनं सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "कुणा जाणकाराला दाखव, आई. माझ्या कानांचं आता काही खरं नाही." मग त्यानं तिच्या गुडघ्याचं विचारलं, थंडीचं विचारलं आणि फोन ठेवला. त्याला आता चार दिवस झाले. मित्सुएच्या डोक्यातून ते वाक्य काही केल्या जात नव्हतं.

कारण हाच तोमोहारू दीड वर्षापूर्वी फोनवर बोलता बोलता मध्येच थांबून म्हणाला होता, "तुझ्या स्वयंपाकघरात काहीतरी थरथरतंय. फ्रिजला बाटली टेकलीय का बघ." तिनं जाऊन पाहिलं तर खरंच सोया सॉसची रिकामी बाटली फ्रिज आणि भिंतीच्या मध्ये अडकून बसलेली. कोफूतल्या घरातली बाटली त्याला टोकियोत ऐकू आली होती. त्या दिवशी दोघं केवढी हसली होती.

तोमोहारू छत्तीस वर्षांचा. टोकियोच्या अकिहाबारा भागातल्या एका अरुंद इमारतीत पाचव्या मजल्यावरच्या दुकानात तो अकरा वर्षं नोकरी करत होता. दुकान फक्त हेडफोनचं आणि ते चालवणाऱ्या अँप्लिफायरचं. शेजारच्या नोनाकाबाईंना मित्सुएनं "विजेच्या उपकरणांचा सल्लागार आहे" असं सांगून ठेवलं होतं. नोनाकाबाईंचा मुलगा बँकेत. दुकानात विक्रेता आहे हे सांगायला तिची जीभ रेटली नाही, आणि एकदा सल्लागार म्हटल्यावर मागे फिरता येईना.

तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. तोमोहारूच्या हाती असायचे ते हेडफोन साधे नव्हेत. आत केसाहून पातळ पडदा, पडद्यावर धातूच्या रेघा, आणि आजूबाजूला चुंबकं. पडदा दिसायला फुंकरीनं उडेल असा, पण त्याला नीट हलवायला वीज दमदार लागते. अशक्त अँप्लिफायरला जोडला तर आवाज येतो, पण ढोलाचा ठोका ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा येतो. उलट, जरुरीपेक्षा दांडगा अँप्लिफायर घेतला तर कानाला काहीच जास्त मिळत नाही, नुसतं टेबल अडतं. कुणाला काय पुरेल ते तोमोहारू सांगायचा. दुकानाचे मालक ओदागिरी म्हणायचे, "आई, हा दिवसभर दुसऱ्यांच्या जोड्या जमवतो. स्वतःचीच तेवढी राहिलीय." त्यावर तोमोहारू म्हणे, घराणं मोठं दिसलं म्हणून सोयरीक करायची नसते, हे ग्राहकाला पटवण्यातच माझी निम्मी हयात गेली.

दुकानाची एक रीत होती. दोन अँप्लिफायर ताडून बघायचे असले तर आधी दोघांचा आवाज काट्यावर सारखा करायचा. माणसाचा कान मोठा लबाड, जो आवाज किंचित मोठा तोच त्याला गोड वाटतो. म्हणून तोमोहारू रबरी कान असलेल्या लाकडी डोक्यावर हेडफोन चढवी, यंत्रानं मोजे, आणि प्रत्येकाच्या आवाजाच्या बटणाशेजारी कागदी पट्टी चिकटवून त्यावर पेन्सिलीनं रेघ मारी. एकदा रेघ पडली की त्या बटणाला ना ग्राहकानं हात लावायचा ना विक्रेत्यानं. हे लिहिलेलं कुठंच नव्हतं, पण येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मित्सुएलाही ठाऊक होतं. तोमोहारूनंच एकदा जेवताना सगळं रंगवून सांगितलं होतं.

गेल्या सप्टेंबरात ती द्राक्षांची पेटी घेऊन, न कळवता दुकानात गेली. आत शिरासावा नावाचे सत्तरीचे गृहस्थ बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी पियानोचे सूर लावले होते, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी एक भारी हेडफोन घेतला होता. घरचा छोटा अँप्लिफायर ते रुमालात गुंडाळून सोबत घेऊन आले होते. दुकानातला मोठा त्याहून सरस आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तोमोहारूनं दोन्हींवर रेघा मारल्या, मध्ये कळ बसवली, आणि शिरासावा डोळे मिटून ती इकडून तिकडे करत राहिले. अर्ध्या तासानं तोमोहारू त्यांना म्हणाला की तुमच्या हेडफोनला तुमचा छोटाच पुरतो, उगाच खर्चात पडू नका.

मित्सुएची कानशिलं तापली. अकरा वर्षांत हा वर का चढला नाही ते तिला त्या क्षणी कळल्यासारखं वाटलं. हातात आलेलं गिऱ्हाईक आणि हा त्याला घरी पाठवतोय.

तोमोहारू द्राक्षं धुवायला आत गेला. ओदागिरी जिन्यात कुणाशी बोलत होते. शिरासावांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मला फरकच कळत नाही हो, बाई. आयुष्यभर या कानांच्या जिवावर जेवलो. कुणाला सांगायचीही सोय नाही."

तिला त्यांची कीव आली, हे खरं. पण नुसत्या किवेनं हात पुढे गेला नव्हता. "पुन्हा एकदा लावून बघा ना," असं म्हणत तिनं द्राक्षांची पेटी सरकवण्याचं निमित्त केलं आणि मोठ्या अँप्लिफायरचं बटण रेघेच्या जवभर पुढे फिरवलं.

शिरासावांनी कळ दाबली. पुन्हा दाबली. त्यांचा चेहरा उजळत गेला. तोमोहारू बशी घेऊन आला तेव्हा ते म्हणाले, "कळला. आता कळला. हाच द्या." तोमोहारू चकित झाला, पण खूशही झाला. तुमचे कान माझ्याहून तयार आहेत, असं म्हणून त्यानं कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला आणि गोदामातून नवा अँप्लिफायर आणून बांधून दिला. परतीच्या गाडीत मित्सुएनं स्वतःसाठी भाजलेल्या ईल माशाचा महागडा जेवणाचा डबा घेतला. मुलाच्या यशाला आपला हातभार लागला म्हणून.

त्या घासांची आठवण आली की तिला आजही तोंड लपवावंसं वाटतं.

दुकान बंद करताना तोमोहारूला बटण रेघेच्या पुढे दिसलं. कुणी हात लावला असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. तिथं कुणी हात लावतच नसे. आपणच रेघ मारताना चुकलो, आवाज सारखा नाही हे आपल्याला अर्धा तास ऐकूही आलं नाही, असं त्यानं धरलं. दुसऱ्या दिवशी मिठाईचा खोका घेऊन तो कावागोएला शिरासावांच्या घरी गेला. दारातच वाकून त्यानं सांगितलं की ती तुलना खोटी होती, चूक माझी, तुमचं आधीचंच बरोबर होतं, पैसे परत घ्या.

शिरासावांनी मिठाईचा खोका बाजूला ठेवला म्हणे. मग म्हणाले, "म्हणजे मी नुसत्या मोठ्या आवाजाला भुललो. सूर लावणारा माणूस." त्यांनी अँप्लिफायर परत दिला, आणि मागितलेला नसताना हेडफोनही आणून दिला. यापुढे दुकानाचं नव्या वर्षाचं कार्डही पाठवू नका, एवढं सांगून दार लावून घेतलं.

हे सगळं तोमोहारूनं त्याच संध्याकाळी फोनवर तिला सांगितलं होतं. तेव्हा बोलायला हवं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण ती म्हणाली, "होतं रे असं कधी कधी. मनाला लावून घेऊ नकोस." स्वतःची चूक त्याच्या पदरात घालून वर तिनं त्याला क्षमाही करून टाकली होती.

त्यानंतर तोमोहारूनं ओदागिरींना सांगून काउंटर सोडला आणि मागच्या खोलीत पार्सलं बांधायला बसला. नव्या वर्षाला घरी आला तेव्हा टीव्हीचा आवाज लावून त्यानं तिला दोनदा विचारलं, "ठीक आहे ना? मोठा नाही ना?" जाड शेवया आणि भोपळा घालून तिनं केलेलं कोफूकडचं सूप त्यानं अर्धंच खाल्लं. लहानपणी याच वाडग्यासाठी तो बहिणीशी भांडायचा.

आणि चार दिवसांपूर्वी त्या फोनवर, गुडघ्याचं विचारण्याच्या आधी, त्यानं सहज सांगावं तसं सांगितलं होतं की महिनाअखेर दुकान सोडतोय. आगेओला टायरच्या गोदामात जागा आहे. तिथं कानांचं काम नाही.

नोनाकाबाईंना हे कुठून कळलं देव जाणे. आज सकाळी कचरा टाकताना त्या म्हणाल्या, "सल्लागार आता टायरना सल्ला देणार वाटतं." मित्सुए हसली. दारात आल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला त्या बोलण्याचं काहीच वाटलं नाही. सहा महिन्यांपूर्वी झोप उडाली असती.

ती स्वयंपाकघरात बसून राहिली. शिरासावांना फरक कळला नव्हता कारण फरक नव्हताच. त्यांचे कान शाबूत होते. तोमोहारूची रेघही बरोबर होती. दोन माणसं आपापल्या चांगल्या कानांवरचा विश्वास घालवून बसली होती, आणि का ते जगात फक्त तिला माहीत होतं.

तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाक्य लिहून पाहिलं. पेटी सरकवताना माझा नकळत धक्का लागला असावा. ते वाचून तिला स्वतःची किळस आली. तिनं 'नकळत' खोडला. मग 'धक्का' खोडला. मग 'असावा'. उरलेलं काही कामाचं नव्हतं, म्हणून खाली नव्यानं लिहिलं: बटण मी फिरवलं. मुद्दाम.

तोमोहारूच्या मोबाइलवर फोन करणं सोपं होतं. पण तो ऐकून घेईल, "जाऊ दे, आई" म्हणेल, आणि तिची अब्रू राखायला कुणाला काही न सांगता टायरच्या गोदामात निघून जाईल. तिनं त्याला तसंच वाढवलं होतं.

दुकानाचा फोन मात्र ओदागिरी उचलतात. आधी त्यांना सांगायचं, मग तोमोहारूला बोलवायला सांगायचं, आणि मग शिरासावांचा पत्ता मागायचा. मिठाईचा खोका यावेळी तिनं न्यायचा.

घड्याळात अकराला तीन मिनिटं होती. दुकान अकराला उघडतं. मित्सुए उठली, घरघरणाऱ्या फ्रिजवर लावलेलं दुकानाचं जुनं कार्ड काढून घेतलं, आणि बरोबर अकरा वाजता तिनं फोन उचलला.