डेल्टाचं गाऱ्हाणं

मागच्या सेमिस्टरला माझा सेमिनार पाचव्या-सहाव्या वाक्याला बंद पडला. स्क्रीनवर स्लाइड होती, हातात रिमोट होता, विषय मला येत होता, पण शब्द बाहेर येईनात. घाबरले की मी फार भरभर बोलते. वाक्यामागून वाक्य सोडत जाते, मध्ये श्वास घेत नाही, आणि जिथे दम संपतो तिथेच डोकंही रिकामं होतं. त्या दिवशी मी मान खाली घालून उभी राहिले आणि शेवटी मॅडमनी मला जागेवर बसायला सांगितलं.

आमच्या मॅडम ओमानी आहेत. कडक आहेत, पण कुणावर अन्याय करत नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, की पुढच्या सेमिस्टरला शेवटची संधी. विषय नवीन घ्यायचा आणि हातात कागद धरायचा नाही. जमलं नाही तर वर्गाबरोबर डिग्री मिळणार नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा सिंधुदुर्गातल्या एका गावातून एसीचं काम शिकून मस्कतला आले. आईची बारावी होता होता राहिली. मस्कतच्या माबेला भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात, हॉलमध्ये टीव्हीच्या वर, बाबांनी मी पहिल्या वर्षाला असतानाच एक खिळा ठोकून ठेवला होता. घरमालकाला, म्हणजे आमच्या अर्बाबला, भिंतीला भोक पाडलेलं चालत नाही. बाबांनी त्याची खास परवानगी काढली होती, मुलीच्या डिग्रीचा फोटो लावायचा आहे म्हणून. तोवर आई त्या खिळ्यावर कॅलेंडर लावायची. सेमिनार बंद पडला त्यानंतर बरेच दिवस मी तारीख बघायला फोनच काढत होते.

नवीन विषय म्हणून मी डेल्टा घेतलं. डेल्टा हे उपग्रह घेऊन जाणाऱ्या अमेरिकन रॉकेटांचं एक कुटुंब. म्हणजे एकच रॉकेट नाही. साठ साली सुरू झालं, मग दर काही वर्षांनी त्याला नवीन इंजिन, नवीन टाक्या, नवीन बूस्टर लागत गेले, पण नाव तेच राहिलं. यंत्रावर किती भरवसा ठेवावा हे मोजायचा आमचा एक पेपर आहे. किती वेळा चाललं, किती वेळा फसलं, का फसलं, यावरून पुढच्या खेपेचा अंदाज बांधायचा. त्यासाठी डेल्टाच्या उड्डाणांची नोंद फार चांगली. मोठी आहे आणि पूर्ण झालेली आहे, कारण हे कुटुंब आता संपलं. त्यातलं शेवटचं रॉकेट मी पहिल्या वर्षाला असताना उडालं.

ते आम्ही घरी बघितलं होतं. ईदची सुट्टी लागत होती, जेवणाची वेळ होती, आणि मी टीव्हीला फोन जोडून बसले होते. या शेवटच्या जातीच्या रॉकेटात हायड्रोजन असतो. उडायच्या आधी थोडा बाहेर येतो आणि इंजिनं सुरू झाली की पेटतो. खालून ज्वाळा वर चढतात, रॉकेटाचा अर्धा अंगरखा काळा होतो, आणि मग ते उडतं.

"गेला," बाबा ताटावरून म्हणाले. "जळला ता."

"बाबा, ते असंच उडतं."

"पेटलेला?"

"हो. दर वेळी."

बाबा जेवायचे थांबले आणि ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. "आमच्या कामात असा काय झाला तर माका कंपनी दुसऱ्या दिवशी घरी धाडीत," असं म्हणून त्यांनी परत भात कालवला. विषय निवडताना मला ते आठवलं. म्हणून डेल्टा.

तयारी मी दोन महिने केली असेन. आकडे पाठ झाले. तक्ते झाले. फक्त बोलणं झालं नाही. आरशासमोर बोलले की बरोबर यायचं, आईसमोर बोलले की दुसऱ्या मिनिटाला दम लागायचा.

सेमिनारच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे गाऱ्हाणं होतं. बाबांच्या तालुक्यातली माणसं वर्षातून एकदा एखाद्या शुक्रवारी आमच्या घरी जमतात. केळीच्या पानावर नारळ आणि विडा ठेवायचा, गावाच्या दिशेला तोंड करून उभं राहायचं, आणि एकानं सगळ्यांच्या वतीनं ग्रामदेवतेशी बोलायचं. आमच्यात ते काम बाबांकडे आहे. दर वर्षी दिशेवरून वाद होतो. तो रत्नागिरीचे चाचा मिटवतात. त्यांचं इब्राच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. माल घ्यायला मस्कतला आले की ते आमच्याकडे जेवतात, आणि या शुक्रवारी तर हटकून.

"माझा फोन मक्का दाखवतो," चाचा म्हणाले. "त्याच्या बरोबर उलटं धरा, मग थोडं उजवीकडे सरका, की आलं तुमचं गाव. दर वर्षी सांगतो. लिहून ठेवा रे कुठेतरी."

"लिवन ठेवला तर तुम्ही येवचा नाय," बाबा म्हणाले.

मग सगळे गप्प झाले आणि बाबांनी सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात.

"आज ही तुझी लेकरां परमुलखात एकठय जमली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या हातसून काय चुकलामाकला आसात, ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या माझ्या चेडवाचो सेमिनार आसा. मागच्या वेळी वायच गडबड झाली. ह्या वेळी तुझ्या आशीर्वादान ता रॉकेट वर जावंदे."

मी आईच्या मागे सरकले. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी जरा जास्तच जोरात म्हटलं. बाजूला खुर्चीवर बसलेले चाचा म्हणाले, "आमीन."

जेवणं झाल्यावर बाबा म्हणाले, "आता दाखव बघूया. कॉलेजात काय बोलतलंस ता आमका सांग."

नाही म्हणायची सोय नव्हती. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मराठीत सांगायला लागले. माझं मराठी तसंही अडखळतं. शाळेत आम्ही आपसात इंग्रजीच बोलायचो. मी पहिली स्लाइड, दुसरी स्लाइड, तिसरी असं सुटले. बाबांनी हात वर केला.

"थांब. गो, माका जागाच गावना नाय."

"कसली जागा?"

"व्हय म्हणाक. मी गाऱ्हाणा घालतंय तेव्हा तुमका जागा देतंय का नाय? तू सगळ्यांका मागे सोडून एकटीच धावतंस."

"बाबा, सेमिनारमध्ये कुणी व्हय म्हणत नाही."

"म्हणत नसतीत. तू जागा ठेव."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी एक वाक्य बोलून थांबले.

"हे रॉकेट पहिल्यांदा उडवलं तेव्हा फसलं."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले आणि हसले. तेवढ्या वेळात मी श्वास घेतला.

"दुसऱ्या खेपेला मात्र त्यानं एक प्रचंड मोठा चकचकीत फुगा आकाशात नेऊन सोडला. पृथ्वीवरून रेडिओचे संदेश त्या फुग्यावर आपटायचे आणि दुसरीकडे उतरायचे. लोकांना तो नुसत्या डोळ्यांनी दिसायचा."

"व्हय म्हाराजा!"

असं करत मी पुढे पुढे गेले. हवामानाचे उपग्रह, टीव्हीचे, जहाजांना रस्ता दाखवणारे, मंगळावर गेलेल्या गाड्या. मग नव्वदीच्या दशकातला तो स्फोट आला. जमिनीवरून सुटल्यावर काही सेकंदांत रॉकेट फुटलं आणि त्याचे जळते तुकडे खालच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर पडले.

या वाक्याला व्हय आलं नाही.

"कुणाच्या गाड्या?" चाचांनी विचारलं.

"तिथेच काम करणाऱ्या लोकांच्या."

"या अल्ला. मग इन्शुरन्स?"

"ते मी बघितलं नाही, चाचा."

"बघून ठेव. कुणीतरी विचारणार. आकाशातून रॉकेट पडलं तर कंपनी देते का, हा साधा प्रश्न नाही."

मी सांगितलं, की त्या फुटलेल्या जातीची रॉकेटं त्यानंतर एकदाही पडली नाहीत. सलग शंभर उड्डाणं यशस्वी झाली आणि मग ती जात निवृत्त झाली. त्यावर जे व्हय म्हाराजा झालं ते ऐकून शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं.

सेमिनारच्या दिवशी बाबांचं काम कुरुमला होतं, एका ऑफिसच्या इमारतीत. आमच्या कॉलेजात शेवटच्या सेमिनारला घरच्यांना बसू देतात, पण बाबा येतील असं मला वाटलं नव्हतं. मी पुढे उभी राहिले तेव्हा मागचं दार उघडलं आणि ते कंपनीच्या निळ्या शर्टात येऊन शेवटच्या रांगेत बसले. बोलणं सगळं इंग्रजीत होणार होतं. बाबांना त्यातलं थोडंच कळणार होतं.

मी पहिलं वाक्य बोलले. डेल्टाचं पहिलं उड्डाण फसलं होतं. आणि सवयीनं थांबले.

कुणी काही म्हटलं नाही. कसं म्हणणार? पण आठवडाभर रोज रात्री बाबांसमोर बोलून मला त्या जागेत व्हय ऐकायची सवय लागली होती. एसीचा आवाज ऐकू यायला लागला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं, परत तेच.

आणि मागच्या रांगेतून बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

बाबांनाही बहुतेक सवयच लागली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. बाबांनी खाली बघितलं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुझे वडील काय म्हणाले?"

मी सांगितलं. आमच्या गावी एक माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो, तेव्हा बाकीचे त्याच्या प्रत्येक वाक्याला होकार देतात. तो आल्याशिवाय बोलणारा पुढे जात नाही. रॉकेट उडवतानाही असंच असतं, मॅडम. उडवणारा प्रमुख एकेका टेबलाला नाव घेऊन विचारतो. इंधनवाला, हवामानवाला, उड्डाणाचा मार्ग मोकळा आहे ना हे बघणारा रेंजवाला. प्रत्येकानं 'गो' म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. एकानं जरी नाही म्हटलं तरी सगळे थांबतात.

एवढं बोलून झाल्यावर मला कळलं, की यातलं काहीच मी पाठ केलेलं नव्हतं, आणि मला दम लागलेला नव्हता.

"मग विचार," मॅडम म्हणाल्या. "आम्ही टेबलांवर बसलोय."

मी घसा साफ केला. "इंधन?"

पहिल्या रांगेत माझी ओमानी मैत्रीण बसते. ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "यल्ला."

अरबीत यल्ला म्हणजे चला. सगळा वर्ग हसला. "हवामान?" मी विचारलं. "यल्ला!" या वेळी दहा-बारा आवाज आले. "रेंज?" "यल्ला!" आता सगळे.

मग मी सांगत गेले आणि प्रत्येक स्लाइडनंतर थांबत गेले. दर वेळी यल्ला आलं. फुग्याला आलं, मंगळाच्या गाड्यांना आलं, सलग शंभराला तर बाकं वाजली. शेवटच्या रॉकेटाचा पेटतानाचा व्हिडिओ लावला तेव्हा मला मागून बाबा दिसले. ते शेजारच्या मुलाला हातानं खुणा करून सांगत होते, की घाबरू नको, हे असंच उडतं.

शेवटी मॅडमनी प्रश्न विचारला. "त्या स्फोटानंतर पुढच्याच उड्डाणाला तू तुझा उपग्रह दिला असतास?"

मी आधी थांबले आणि श्वास घेतला.

"आधी मी विचारलं असतं, कशामुळे फुटलं ते सापडलं का. बाजूच्या एका बूस्टरला चीर गेली होती, ते त्यांनी शोधून काढलं. म्हणून दिला असता. काही लोकांनी खरंच दिले. त्याच वर्षी ते पुन्हा उडालं."

"आणि मागच्या वेळी तुझा सेमिनार कशामुळे बंद पडला, ते सापडलं?"

"हो मॅडम. मी जागा ठेवत नव्हते."

त्यांना ते पूर्ण कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी समोरच्या कागदावर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "खलास. पास."

मागच्या रांगेत बाबा टाळ्या वाजवायला उठले आणि कुणीच उठलेलं नाही हे बघून परत बसले. मग माझी मैत्रीण उठली, तिच्यामागून बाकीचे उठले, आणि बाबा पुन्हा उभे राहिले.

मी बाबांना गाडीपर्यंत सोडायला गेले. त्यांना कुरुमला परत जायचं होतं, एक एसी उघडा टाकून आले होते. दार उघडताना म्हणाले, "बरा बोललंस." मग आत बसताना, "ता चेडू यल्ला म्हणाला ना, ता माका लय आवडला."

संध्याकाळी इब्राहून चाचांचा फोन आला. अभिनंदनाच्या आधी त्यांनी विचारलं, "इन्शुरन्सचं विचारलं का कुणी?" नाही म्हटल्यावर त्यांना थोडं वाईट वाटलं. आईनं खिळ्यावरचं कॅलेंडर काढून स्वयंपाकघरात नेलं. फोटो यायला अजून अवकाश आहे, मी म्हटलं. "राहू दे रिकामा," ती म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी देवाचे आभार मानायला सगळे परत जमले. चाचांनी दिशा लावून दिली. पानावर नारळ ठेवला. बाबा पुढे गेले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून मला पुढे केलं.

"बाबा, मला नीट मालवणी येत नाही."

"देवाक येता."

आमच्यात आजवर कुठल्या बाईनं किंवा मुलीनं गाऱ्हाणं घातलेलं नाही. मला वाटलं कुणीतरी काहीतरी म्हणेल. कुणी म्हटलं नाही. सगळे हात जोडून वाट बघत होते.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, आणि थांबले.