लाईट उक्ती घेतली तेव्हा

ओमानमधल्या सोहारला आमच्या शांतारामदादाची ओळख एकच, लाईट बंद करणारा माणूस. लोखंडाच्या कंपनीत वेल्डर होता. कुणाकडे चहाला गेला तरी उठताना त्यांच्या संडासाचा दिवा बंद करून यायचा. जयवंती वहिनी म्हणायची, ह्यांनी लग्नात हुंडा मागितला नाही, नुसती घरातली बटणं मोजून घेतली.

राहायला अर्बाबच्या, म्हणजे तिथल्या घरमालकाच्या, व्हिलाचा खालचा मजला. भाडं वेगळं, लाईट मीटरवर. दोघं एकाच खोलीत एसी लावून झोपायची, हॉलमधला एसी नावाला.

मग आयेला आणली. आये म्हणजे आमची आई. गावी घरात ती एकटी आणि छातीचं दुखणं. गावचा डॉक्टर म्हणाला, एकटी ठेवू नका. सोहारचा म्हणाला, गरमीत ठेवू नका. म्हणून दादानं हॉलचा एसी चालू केला. दादा कामावर गेला की आये उठून बंद करायची. वहिनी परत लावायची, दुपारी वहिनी जरा पडली की परत बंद. दादाला ती सवय लावली कुणी? आयेनंच. कंदिलाची वात खाली कर, असं सांगत वाढवलेलं पोर ते.

मे महिन्यात वहिनी दुपारची उठून बघते तर एसी बंद आणि आये फरशीवर पडलेली. बोलेना. हॉस्पिटलात नेली, सलाईन लावलं, बरी झाली. घरी आल्या आल्या म्हणाली, मला गावी पोचवा, माझ्यापायी बिल नको. गावी पाठवणं म्हणजे बंद घरात मरायला सोडणं, हे दादाला कळत होतं. त्यानं शपथा घालून बघितल्या. ह्या महिन्यात बिलच आलं नाही, असं खोटं पण सांगितलं. आये दारात उभी राहून मीटरवरचा लाल दिवा लुकलुकताना बघायची. तिला कोण फसवणार.

तेवढ्यात घराचा करार संपत आला. अर्बाबचा मुलगा नबील आला, त्याला हिंदी चांगलं येतं. त्यानं दोन रस्ते सांगितले. मीटर ठेवा, नाहीतर लाईट भाड्यात धरा, बारा महिने सारखे पैसे, वापर कितीही असू दे. शेजारचा गजेंद्र, दादाच्या कंपनीतलाच, तो हसायला लागला. थंडीत एसी लागत नाही, सुट्टीत तुम्ही गावी असता, रिकाम्या घराची लाईट कशाला भरायची? बरोबरच बोलत होता. दादा स्वतः लोकांना हेच सांगायचा. वहिनीला वाटलं, आता मीटरच.

दादानं लाईट उक्ती घेतली.

"शांताराम, ऊन लागलं काय तुला?" गजेंद्र म्हणाला.

 दादा घरी येऊन आयेपुढे बसला.

"आये, लाईट आता उक्ती झाली."

"म्हणजे काय रे?"

"चालू ठेवलीस तरी तेवढेच पैसे, बंद केलीस तरी तेवढेच. बंद करून भलं व्हायचं ते अर्बाबचं."

आयेनं एसीकडे बघितलं. मग म्हणाली, "राहू दे तर चालू. त्याचं कशाला भलं?"

वहिनी सांगते, दादा उठला आणि आत जाऊन तोंड धुऊन आला.

गावी जायचं नाव गेलं. त्या वर्षी सुट्टीला पण कुणी गेलं नाही. आये चार दिवस हॉलमध्ये पाय पसरून बसली. मग तिला खटकायला लागलं. एवढा हॉल, पैसे भरलेले, आणि थंड हवा खाणारी एकटी. गावी आपला वाफा भरला की उरलेलं पाणी शेजाऱ्याच्या वाफ्यात सोडतात, तशी ती. वरच्या मजल्यावरची अमीरुन्निसा, श्रीवर्धनची, तिला शिवणाच्या मशीनसकट खाली बोलावली. तिच्या मागून आणखी बायका आल्या. गजेंद्रच्या खोलीचा एसी बिघडलेला, तो रात्रपाळी करून आला की कोपऱ्यात चटई टाकायचा. आये त्याला म्हणायची, "ऊन तुला लागलंय मेल्या, झोप गुमान."

ऑगस्टमध्ये नबील मीटर बघायला आला आणि कपाळाला हात लावला. आत बघतो तर दरबार भरलेला. आयेनं त्याला बसवून कोकमाचं सरबत दिलं. गार हवेत बसून तो ते प्यायला, वर अजून एक मागितलं. जाताना दादाला म्हणाला, "खलास. अगले साल मीटर."

दादा म्हणाला, "इन्शाल्ला."

पुढचं साल दादानं बघितलं नाही. जानेवारीत कामावरच छातीत कळ आली, हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपला. दुखणं आयेचं म्हणून सगळे तिच्याकडे बघत होते. त्याला पण होतं, ते कुणी बघितलं नाही.

मयत गावी न्यायचे कागद कंपनीनं केले. वहिनी आणि आये बरोबरच निघाल्या. थंडी होती, एसी कुठलाच चालू नव्हता. नबील किल्ली घ्यायला दारात उभा. अमीरुन्निसा बॅगा उचलू लागली. गाडीत बसता बसता आये माघारी वळली. हॉलचा दिवा राहिला होता.

"असू दे आये," वहिनी म्हणाली. "महिन्याचे भरलेत. उक्तीच आहे."

"त्याला चाललं नसतं," आये म्हणाली.

आत गेली. हॉलचा दिवा बंद केला, स्वयंपाकघराचा केला, संडासाचा बघून आली. मग गाडीत बसली.