भरतीच्या पाण्याचा नमुना

मंडळी, आज सकाळी पनवेलच्या खाडीवर पाणी तपासायला एक साहेब आले. कधी? ऐन भरतीला! कारखान्यांचं शिसं आणि पारा समुद्राच्या पाण्यात पातळ झाल्यावर त्यांनी ऐटीत बाटली बुडवली.

शेजारी जाळं आवरणाऱ्या काशीआत्या म्हणाल्या, "सायेब, ओहोटीला या. तवा खरा पानी दिसल."

"तेव्हा चिखल असतो, बूट खराब होतात. पाणी चांगलंच आहे," साहेब म्हणाले.

आत्यांनी टोपलीतले वाकड्या कण्याचे मासे पुढे केले. "मंग हे घरी न्या. बगळं पन खात नाय आता."

साहेब दोन पावलं मागे सरले. "नको, मी गुरुवारी मासे खात नाही."

मंडळी, आज बुधवार आहे. या माणसाचा रिपोर्ट तुम्ही मानणार?