सगळं अद्ययावत आहे

शेजारच्या लीलाकाकूंच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी एक ओळ उमटायची: ‘नवीन अपडेट नाहीत. सगळं अद्ययावत आहे.’ काकू पदराने स्क्रीन पुसत कौतुकाने म्हणायच्या, “गुणी आहे हो. कधी काही मागत नाही.”

कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स हे सॉफ्टवेअर त्यात मीच घालून दिलं होतं. लिनक्सचे कितीतरी प्रकार असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांमागे आपली नोकरी, आपलं घर सांभाळून हौसेने राबणारी मूठभर माणसं असतात. काकूंच्या लिनक्समागची माणसं हळूहळू पांगली. भांडण वगैरे काही झालं नाही. कुणाची नोकरी बदलली, कुणाला मूल झालं. मदतीसाठीच्या ऑनलाइन फोरमवर विचारलेले प्रश्न तसेच पडून राहायला लागले. मग विचारणारेही, जिथे कुणी “थांबा, बघतो” म्हणतं, तिकडे निघून गेले. माणसं फार काही मागत नाहीत. हाकेला ओ मिळाली तरी राहतात.

म्हणून ती सकाळची ओळ वाचली की मला गलबलून यायचं. अपडेट पाठवणारंच कुणी उरलं नव्हतं, आणि त्या बिचाऱ्याला वाटत होतं, सगळं ठीक आहे.

काल अखेर मी दुसरं लिनक्स घातलं, हल्ली बरेच जण वापरतात ते. सुरू होताच त्याने सांगितलं, ‘नवीन अपडेट आले आहेत.’

काकूंचा चेहरा उतरला. “आल्या आल्या मागायला लागलं की रे हे!”

“मागत नाही, काकू. त्याला कुणीतरी पाठवतंय.”

काकूंनी पदराने पुन्हा एकदा स्क्रीन पुसली. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे आधीच्याला कुणीच नव्हतं होय रे?”